भोगवटादार कोण?

चाकणचें नांव निघालें कीं इतिहासाच्या वाचकास संग्रामदुर्ग आठवतो. इ. स. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर शिबंदीच्या बळावर शाएस्तेखानाची अफाट फौज पन्नासांहून अधिक दिवस खोळंबवून ठेविली, आणि खानानें बुरुजाखालीं सुरुंग पेरून तो उडविला तेव्हांच तो भुईकोट शत्रूच्या हातीं गेला. त्या स्फोटांत जीं माणसें मेलीं त्यांच्या मरणाचा जाब कोणास विचारावा, हा प्रश्न त्या काळीं कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. लढाई म्हटली कीं दारूचा भडका आलाच. आज त्याच चाकणच्या माळावर मोटारी घडतात. तेथून इंद्रायणी ओलांडून दक्षिणेस उतरलें कीं भोसरी, चिखली, तळवडें, आकुर्डी, पिंपरी अशी कारखान्यांची रांग लागते. येथें भडका उडाला तर तो पोटासाठीं राबणाऱ्यांच्या अंगावर उडतो, आणि जाब कोणास विचारावयाचा हा प्रश्न धूर विरण्यापूर्वींच उभा राहतो. गेल्या पावणेदोनशें वर्षांत कायद्यानें त्यास काय काय उत्तरें दिलीं, आणि तीं उत्तरें चुकविण्यास किंवा त्यांना सामोरें जाण्यास कारखानदारांना वकिलांचें कसकसें साहाय्य झालें, याचा मागोवा येथें घ्यावयाचा आहे.

हा औद्योगिक पट्टा तसा फार जुना नाहीं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि त्या दशकांत टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने येथें आले. चार गांवांची मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली व १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. चाकणची भरभराट त्यानंतरची. परंतु मोठ्या कारखान्यांचीं नांवें घेतल्यानें या पट्ट्याचें वर्णन पुरें होत नाहीं. मोठ्या कारखान्याभोंवतीं त्यास सुटे भाग पुरविणारे मध्यम कारखाने, त्यांच्याभोंवतीं त्यांचीं कामें उचलणारे लहान, आणि अगदीं कडेला पत्र्याच्या शेड, जेथें आंत काय बनतें हें शेजारच्या दुकानदारासही नक्की सांगतां येत नाहीं. मोठ्या कारखान्यांत कायदेविषयक स्वतंत्र विभाग असतो. शेडच्या दारावर फार तर एक मोबाइल क्रमांक रंगविलेला असतो.

८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवडें येथील अशाच एका जागेस आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथें तयार होत. त्या दिवशींच सहा जणांचा मृत्यू झाला, आणि पुढें रुग्णालयांतील मृत्यू धरून हा आकडा दहाच्या पलीकडे गेला. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सदोष मनुष्यवधाच्या कलमाखालीं गुन्हा नोंदला गेला. त्यापूर्वीं अडीच वर्षे, ७ जून २०२१ रोजीं, मुळशी तालुक्यांत पिरंगुटजवळ उरवडें येथें एस. व्ही. एस. ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनींत पाणी शुद्ध करण्याच्या रसायनांस आग लागून सतरा कामगार जळून मेले. त्यांतही पंधरा स्त्रिया होत्या. देह ओळखूं येईनात म्हणून जनुकीय तपासणी करावी लागली. या दोन्ही प्रसंगीं वर्तमानपत्रांतून दोनचार दिवस एकच प्रश्न विचारला गेला : मालक कोठें आहे? कायद्याचा प्रश्न याहून थोडा निराळा असतो. तो विचारतो, मालक *कोण* आहे? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहासच आमच्या विषयाचा गाभा आहे.

आरंभ विलायतेंत करावा लागतो, कारण आपला कायदा तिकडून आला. १८३७ सालीं तेथें प्रीस्टली विरुद्ध फौलर हा एका खाटकाच्या गाडीवानाचा खटला झाला. गाडींत माल फाजील भरल्यामुळें ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. नोकरानें मालकावर दावा लाविला, तो फेटाळला गेला. त्यांतून पुढें असें तत्त्व निघालें कीं सोबतच्या नोकराच्या चुकीनें एखाद्या नोकरास इजा झाली, तर मालक जबाबदार नाहीं. धोका पत्करूनच तो नोकरींत शिरला. मालकाच्या वकिलास याहून मोठी देणगी कोणतें न्यायालय देणार? गिरणींत हजार माणसें कामास, अपघात झाला तर चूक नेहमींच त्या हजारांतल्या कोणाची तरी असणार, आणि मालक तर बहुधा गिरणींत पाऊलही टाकीत नसे. जो कधीं यंत्राजवळ गेला नाहीं तोच सर्वांत निर्दोष ठरूं लागला.

हिंदुस्थानांत १८५५ च्या अपघाती मृत्यूविषयींच्या कायद्यानें मृताच्या वारसांस दावा करण्याचा हक्क दिला. हक्क दिला खरा, परंतु मालकाची चूक सिद्ध करण्याचें ओझें विधवेच्या शिरावर ठेविलें. कोंकणांतून मुंबईस आलेल्या एखाद्या साच्यावाल्याच्या बायकोनें उच्च न्यायालयांत गिरणीमालकाविरुद्ध बॅरिस्टर उभा करावा, ही कल्पनाच हास्यास्पद होती. १८७५ सालीं मुंबईंत कारखान्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें गेलें आणि १८८१ सालीं पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. यंत्रांभोंवतीं कुंपण असावें, सात वर्षांखालील मुलास कामास लावूं नये, इतपत त्याचा आवांका. तो लागू होता शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांस. वाचकांनीं हा शंभराचा आकडा ध्यानांत ठेवावा.

तीन वर्षांनीं, १८८४ च्या सप्टेंबरांत, ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज पाठविला. साप्ताहिक सुट्टीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. रविवारच्या सुट्टीबरोबर लोखंड्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु त्याच अर्जांत आणखी एक मागणी होती, तिच्याकडे आपल्या इतिहासकारांचें पुरेसें लक्ष गेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. कामावर असतांना जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी. चूक कोणाची हा प्रश्नच तींत नाहीं. इजा कामांत झाली एवढें पुरे. विलायती न्यायाधीशांच्या तर्कजालापेक्षां परळ-भायखळ्याच्या कामगारांची ही समज किती सरळ होती! ती कायद्यांत उतरावयास मात्र चाळीस वर्षें लागलीं.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. त्यानें चुकीचा वाद बव्हंशीं बाजूस सारून भरपाईचें कोष्टक ठरवून दिलें. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार अथवा अडीच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें. रक्कम थोडी, पण निश्चित. आणि याच निश्चिततेंत मालकाचाही लाभ होता. अनिश्चित दाव्याऐवजीं ठरलेली रक्कम आली, आणि जी रक्कम ठरलेली असते तिचा विमा उतरवितां येतो. या कायद्याचीं दोनतीन कलमें फार विचारपूर्वक रचलेलीं होतीं. मृताची भरपाई वारसाच्या हातांत परस्पर देतां येत नसे, ती आयुक्ताकडेच भरावी लागे. नाहींतर ती दिली असें कायदा मानीत नसे. अंत्यविधीच्या दिवशीं पाकिटांत थोडे पैसे घालून कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा घेण्याची जी रीत होती, तिला या कलमानें पायबंद घातला. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही रद्दबातल ठरे. आणि कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकानें आधीं भरपाई द्यावी, मग ठेकेदाराकडून ती वसूल करीत बसावें, असें त्यांत स्पष्ट होतें. ठेकेदारी कामगारांवर चालणाऱ्या आजच्या औद्योगिक पट्ट्यांत या शेवटच्या तत्त्वाचें महत्त्व किती, हें सांगावयास नको.

आतां कायद्याच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे शिक्षेकडे वळूं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. दरम्यान शंभराचा आकडा १८९१ त पन्नासावर, १९२२ त विसावर आला होता. १९४८ त तो, यंत्रशक्ति वापरणाऱ्या कारखान्यापुरता, दहावर आला. सदुसष्ट वर्षांत कायद्याची नजर शंभर माणसांच्या गिरणीवरून दहा माणसांच्या कारखान्यापर्यंत खालीं उतरली. हा या इतिहासांतला सर्वांत समाधानाचा भाग होय.

या कायद्यानें कारखान्यासाठीं दोन माणसें जबाबदार धरलीं : एक व्यवस्थापक, आणि दुसरा ज्यास इंग्रजींत ‘ऑक्युपायर’ म्हणतात तो. आमच्या सरकारी मराठींत त्याला ‘भोगवटादार’ असा शब्द आहे, आणि त्यांत कांहींसा उपरोध नकळत आला आहे, कारण कारखान्याचा भोग ज्यास मिळतो तोच हा. कायद्याची व्याख्या अशी कीं कारखान्याच्या कारभारावर ज्याची अंतिम सत्ता चालते तो भोगवटादार. एकट्या मालकाचा कारखाना असेल तेथें प्रश्न सुटला. पण कंपनीचा असेल तर? कंपनीला देह नाहीं. तिला तुरुंगांत टाकतां येत नाहीं. तेव्हां कंपन्यांच्या कायदेपंडितांनीं एक सोयीची वाट काढली. कंपनीनें ठराव करून आपल्या एखाद्या पगारी अधिकाऱ्यास भोगवटादार नेमावें आणि निरीक्षकाकडे त्याचें नांव कळवावें. संचालक मंडळ मुंबईस, आणि भोगवटादार कारखान्याच्या आवारांत. निरीक्षकानें खटला भरला तर समन्स त्याच्या नांवें.

एवढ्यानें भागलें नाहीं तर कलम १०१ हाताशीं होतेंच. आरोपी भोगवटादारानें किंवा व्यवस्थापकानें असें सिद्ध केलें, कीं आपण कायदा पाळला जावा म्हणून योग्य ती दक्षता घेतली होती आणि हा अपराध अमक्या माणसानें आपल्या नकळत केला, तर शिक्षा त्या अमक्यास होई व आरोपी सुटे. हें कलम मुळांत अन्याय्य होतें असें म्हणवत नाहीं; प्रामाणिक मालकास त्याचा आधार हवाच. पण यंत्राचें कुंपण काढून ठेवणारा फोरमन तें कोणाच्या घाईपायीं काढतो, हें त्या कलमास विचारतां येत नसे. शिवाय या कायद्याखालील खटला निरीक्षकाच्या तक्रारीवरूनच चाले, आणि अपराध त्याच्या ध्यानांत आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत ती तक्रार न्यायालयांत यावी लागे. त्यामुळें कंपनीच्या वकिलाचें पहिलें काम पुष्कळदां दिवस मोजण्याचें असे.

ही घडी मोडली ती भोपाळनें. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून वायु सुटला आणि हजारों माणसें मेलीं. मोठ्या संकटानंतर कंपनीला कायद्याचें साहाय्य कशा प्रकारें मिळतें, याचें इतकें संपूर्ण उदाहरण दुसरें नाहीं. अमेरिकेंत दावे दाखल झाले. मार्च १९८५ मध्यें हिंदुस्थान सरकारनें कायदा करून सर्व पीडितांच्या वतीनें दावा चालविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांच्यापुढें मग एक विलक्षण देखावा दिसला. आपल्या देशाच्या न्यायालयांस हा दावा पेलणार नाहीं, असें हिंदुस्थान सरकारतर्फें सांगितलें जात होतें; आणि हिंदुस्थानचीं न्यायालयें पूर्णपणें समर्थ आहेत, अशी ग्वाही कंपनीच्या बाजूनें मुंबईचे नामांकित कायदेपंडित नानी पालखीवाला आपल्या प्रतिज्ञापत्रांत देत होते. १२ मे १९८६ रोजीं कीनन यांनीं कंपनीचें म्हणणें मान्य करून दावे हिंदुस्थानाकडे धाडले. देशाच्या न्यायसंस्थेचा गौरव झाला, आणि त्याच गौरवामुळें अमेरिकन ज्यूरीच्या मोठ्या भरपाईचा धोका कंपनीवरून टळला. फेब्रुवारी १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. तेथें कंपनीची बाजू फली नरीमन यांनीं मांडली होती. पुढें त्यांनीं हें काम घेण्यांत आपली चूक झाली असें जाहीरपणें म्हटलें. अशी कबुली देणारे वकील थोडे. तडजोडीबरोबर फौजदारी खटलेही मिटविले गेले होते, ते मात्र १९९१ सालीं न्यायालयानें पुन्हा उघडले.

भोपाळच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवसांतच, ४ डिसेंबर १९८५ रोजीं, दिल्लींत श्रीराम कंपनीच्या कारखान्यांतून ओलियम वायु सुटला. त्यांत तीस हजारी न्यायालयांतला एक वकील मरण पावला. २० डिसेंबर १९८६ च्या निकालांत सरन्यायाधीश भगवती यांनीं असा नियम घातला कीं धोकादायक उद्योग करणाऱ्यावर पूर्ण व अपवादरहित जबाबदारी राहील. दक्षता घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, ही सबब चालणार नाहीं. शिवाय भरपाई उद्योगाच्या आकारमानावर व ऐपतीवर मोजावी, म्हणजे ती मोठ्यास जरब बसविणारी ठरेल. दिवाणी कायद्यांत प्रीस्टलीच्या गाडीचें चाक दीडशें वर्षांनीं असें उलट फिरलें.

१९८७ सालीं फॅक्टरी कायद्यांत दुरुस्ती होऊन कंपनीच्या बाबतींत संचालकांपैकीं कोणी तरी एक भोगवटादार मानला जाईल असें ठरलें. कंपन्यांनीं अर्थातच याविरुद्ध झगडा केला. नेमणुकीचा हक्क आमचा, आम्ही कोणासही नेमूं, हा त्यांचा मुद्दा. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला : कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे, पगारी अधिकारी नव्हे. पण त्याच १९९६ सालीं, १३ सप्टेंबरला, त्याच न्यायालयानें भोपाळच्या फौजदारी खटल्यांत केशुब महिंद्र आदि आरोपींवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून त्याजागीं निष्काळजीपणानें मृत्यू घडविल्याचा, म्हणजे कलम ३०४-अ चा, आरोप ठेविला. पहिल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, दुसऱ्यास अधिकांत अधिक दोन. त्या रात्रीं वायु सुटून माणसें मरतील असें ज्ञान या आरोपींस असल्याचा पुरावा नाहीं, हें त्याचें कारण. भोगवटादार सांपडला, तो संचालक आहे हेंही ठरलें; पण त्याला ठाऊक होतें काय, या प्रश्नापाशीं गाडी पुन्हा अडली. ७ जून २०१० रोजीं भोपाळच्या न्यायालयानें दोषी ठरलेल्यांस दोन वर्षांची शिक्षा सुनावली. बरोबर अकरा वर्षांनीं, त्याच तारखेस, उरवडें जळलें.

म्हणून मोठा अपघात झाल्यावर आज जो वकील कंपनीकडे धांवतो त्याच्यापुढची खरी लढाई ‘ज्ञान’ या एका शब्दावर असते. पोलीस बहुधा आधीं सदोष मनुष्यवधाचें कलम लावतात, कारण त्यांत अटक करतां येते व जामीन सहजीं मिळत नाहीं. वकील तें निष्काळजीपणावर आणूं पाहतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें निष्काळजीपणाची शिक्षा दोनवरून पांच वर्षांपर्यंत वाढविली, तरी अंतर बरेंच आहे. (तळवड्याची आग त्याआधींची, म्हणून तीस जुनाच कायदा लागू.) ज्ञानाचा पुरावा मात्र कागदांत असतो. सुरक्षा अधिकाऱ्यानें सहा महिन्यांपूर्वीं लिहिलेली चिठ्ठी, विमा कंपनीचा शेरा, किरकोळ आगीची दबलेली नोंद : आपल्या सावधपणाची साक्ष म्हणून ठेवलेले हे कागद अपघातानंतर ज्ञानाची साक्ष देऊं लागतात. जो कारखानदार धोक्याची नोंद करतो व तो दूर करतो त्यास ते तारतात. जो नोंद करून स्वस्थ बसतो त्यास ते बुडवितात. आणि जो नोंदच करीत नाहीं तो या हिशेबांत कधीं कधीं सर्वांत सुखरूप राहतो, ही या कायद्याची मोठी उणीव आहे.

दुसरी अडचण वकिलाच्या निष्ठेची. कंपनी, संचालक आणि व्यवस्थापक या तिघांसाठीं पहिल्या दिवशीं एकच वकील उभा असतो व त्याची फी कंपनी देते. पण संचालकाचा बचाव बहुधा असा, कीं व्यवस्थापकाकडे सर्व अधिकार दिले होते. आणि व्यवस्थापकाचा असा, कीं पैसे मागितले ते संचालकांनीं मंजूर केले नाहींत. या दोघांचें म्हणणें एका तोंडानें कसें मांडावें? चांगला वकील पहिल्याच भेटींत व्यवस्थापकास सांगतो कीं तूं तुझा निराळा वकील पाहा. असें न सांगणाऱ्यांचीही संख्या मोठी असावी. कंपनीच्या पगारी कायदे-अधिकाऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी. पक्षकारानें वकिलास सांगितलेलें गुपित राहतें, हें जें कायद्याचें अभय आहे, तें वकिलास जसें मिळतें तसें अशा नोकरदार कायदे-अधिकाऱ्यास मिळत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें दिला. अपघाताच्या रात्रीं कंपनींतल्या कंपनींत जें भराभर लिहिलें जातें, तें कोणाच्या नांवें लिहावें याचा विचार आतां कारखानदारांस करावा लागेल.

परंतु हें सारें मोठ्या कंपन्यांचें झालें. संचालक, ठराव, कायदे-विभाग, पुराव्याचे कागद, यांपैकीं काय काय तळवड्याच्या शेडमध्यें होतें? श्रीरामच्या निकालानें भरपाई ऐपतीवर मोजावयास सांगितलें. ज्यास ऐपतच नाहीं त्याची पूर्ण व अपवादरहित जबाबदारी घेऊन वारसांनीं करावयाचें काय? उरवड्याच्या वेळीं राज्य सरकारनें प्रत्येक मृताच्या वारसांस पांच लाख व पंतप्रधानांच्या निधींतून दोन लाख जाहीर झाले. म्हणजे ज्याचा कारखाना त्याच्या आधीं सार्वजनिक खजिन्यानें हात पुढें केला. तो माणुसकीनें केला हें खरें, पण त्यामुळें लोखंड्यांच्या अर्जांतली जबाबदारी मालकाकडून सरकून करदात्याकडे गेली, आणि तीही मंत्र्यांच्या मर्जीवर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अंमलांत आल्या आणि १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेंत कारखान्याची व्याख्या यंत्रशक्ति असेल तेथें दहावरून विसावर, नसेल तेथें विसावरून चाळिसावर गेली. सुरक्षेचीं कांहीं कर्तव्यें दहा कामगारांच्या जागेसही लागू ठेविलीं आहेत, आणि धोकादायक कामांच्या बाबतींत संख्येची अट न मानण्याचा अधिकार सरकारनें राखला आहे, हें मान्य करूनही १८८१ पासून खालीं उतरत आलेला आकडा वर चढला, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाच्या नजरेंतून सुटणार नाहीं. त्याच संहितेंत एक चांगली गोष्टही आहे. जुन्या कायद्यांत सुरक्षेचा नियम मोडून मृत्यू घडला तर दंडाची किमान मर्यादा पंचवीस हजार होती, ती आतां पांच लाख झाली. आणि त्या दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग मृताच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालयास करतां येतो. एरवीं सरकारजमा होणारा दंड निदान अर्धा तरी त्या घरांत जाण्याची वाट यानें उघडली.

मात्र दंड व्हावयाचा तर खटला शाबीत व्हावा लागतो, आणि खटला भरावयाचा तर ती जागा कोणाच्या तरी वहींत आधीं नोंदलेली असावी लागते. तळवड्याची ती जागा आवश्यक परवान्यांवांचून चालत होती, हें आग विझल्यानंतर कळलें.